मोडी कागदांतला पाऊस : माझ्या पीएच.डी.चा अनुभव

मी शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, विषय जलविज्ञान. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले पेशवेकाळातले दुष्काळ हा माझ्या पीएच.डी.चा विषय, आणि त्या काळातला बराचसा वेळ गेला तो मोडी वाचण्यात. इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.त पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे मोडी कागद, कुठून आलं, असं पुष्कळ जण विचारतात. दोन विद्याशाखांच्या मधला विषय घेऊ पाहणारी मुलंमुलीही अलीकडे फोन करतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी हे करावं का लागलं ते सांगते. पाणीयोजना आखताना किती वर्षांतून एकदा किती वाईट दुष्काळ पडतो याचा हिशेब लागतो, आणि तो चालतो पर्जन्यमापकाच्या नोंदींवर. आपला हवामान विभाग १८७५ सालचा. त्याआधीच्या नोंदी आहेत, पण तुटक. साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२५ च्या पुढे काही वर्षं दख्खनच्या हवामानाची निरीक्षणं घेतली होती, ती छापलेलीही आहेत. पण सलग आकडेवारी म्हटली तर हाताशी दीडशे वर्षं. लागोपाठ दोन-तीन वर्षं पावसाने ओढ दिली असे प्रसंग त्यात इतके कमी सापडतात की त्यांवरून संभाव्यता काढणं धाडसाचं ठरतं.

आणि १७८९ ते १७९३ या काळात एक जबरदस्त एल निनो होऊन गेला, याचे पुरावे जगभरातून जमा झालेले आहेत. भारतात १७९१-९२ चा दुष्काळ कवट्यांचा दुष्काळ म्हणून ओळखला गेला, कारण मेलेल्यांना मूठमाती द्यायलाही माणसं उरली नव्हती. त्या साली इंदापूर-बारामतीकडे काय झालं? पर्जन्यमापक नव्हता, पण महसूल होता. कुठल्या गावातून किती वसूल आला, किती सूट दिली, कुणाला तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) दिली, कोण गाव सोडून परागंदा झालं, हे सगळं लिहिलेलं आहे आणि पुण्याच्या पुरालेखागारात हजारो रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. हे आपल्याच शहरात असताना आपण पावसाचा इतिहास १८७५ पासून सुरू करायचा, हे मला पटेना.

नोंदणीपाशीच पहिली अडचण आली. अर्जात विद्याशाखा एकच निवडावी लागते. मी अभियांत्रिकी निवडली, कारण शेवटी मला वारंवारितेचं, म्हणजे किती वर्षांतून एकदा दुष्काळ पडतो याचं, विश्लेषण करायचं होतं. पण मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "कागदांचा अर्थ बरोबर लागला की नाही हे मी तपासू शकणार नाही, त्याला इतिहासातलंच माणूस हवं." यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागातला सह-मार्गदर्शक घेता येतो. इतिहास विभागातले एक सर तयार झाले, पण त्यांची अट होती : कोर्सवर्कच्या १२ क्रेडिटांपैकी काही इतिहासलेखनपद्धतीचे असले पाहिजेत. तेव्हा ते जड गेलं. पुढे संशोधन सल्लागार समितीसमोर दर सहा महिन्यांनी उभं राहताना त्याच अभ्यासाने मला सावरलं. असा विषय घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच : सह-मार्गदर्शक कागदोपत्री घेऊ नका, त्यांच्याकडून खरंखुरं शिका.

मग मोडी. शासनाच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग होतात, तिथून सुरुवात केली. अक्षरओळख लवकर होते. खरा कागद समोर आला की मात्र सगळं विसरायला होतं. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढलेली, आणि तिच्याखाली बोरूने एका दमात लिहीत नेलेलं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मौजेचं 'मौ', परगण्याचं 'प' आणि पुढे दोन उभ्या रेघा, की झालं काम. कारकून बदलला की वळण बदलतं. ज्या निवृत्त काकांकडे मी पुढे शिकायला जात असे, त्यांनी मला आधी मायने, म्हणजे पत्राच्या सुरुवातीची ठरावीक संबोधनं, पाठ करायला लावले. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' हे डोळ्यांत बसलं की त्याच हाताने लिहिलेली ल, क्ष, म, र ही अक्षरं कशी दिसतात ते कळतं, आणि त्यांच्या आधाराने खालचा मजकूर उलगडत जातो. काका प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावत. कानाला शब्द लागला की डोळ्याला अक्षर सापडे.

सगळ्यात जास्त आनंद मला तारखांनी दिला, म्हणून त्यावर थोडं थांबते. या कागदांवर साल असतं सुहूर सन, तेही अरबी शब्दांत. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार : ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१, म्हणजे १७९१-९२ हे साल. सूर्य मृग नक्षत्रात गेला की हा सन बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. जलविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून सोयीचं काय असणार! जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरलं तर एका पावसाळ्याची रब्बी दुसऱ्या वर्षात जाते. मृगसालात मात्र एक पावसाळा आणि त्यावर आलेली दोन्ही पिकं एकाच सालाखाली बसतात. आम्ही हिशेबासाठी जलवर्ष नावाची गोष्ट मुद्दाम करून घेतो, ती इथे कारकुनाने शीर्षकातच लिहून ठेवली आहे.

पण महिने चांद्र, मोहरम ते जिल्हेज. ते ऋतूंशी जुळत नाहीत, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. १७९१-९२ च्या सालात रजब महिना फेब्रुवारीच्या अखेरीस लागतो, तर दहा वर्षांनी तोच रजब नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. रजबमधल्या अर्जात पीक गेल्याची तक्रार असेल तर पहिल्या वेळी ती रब्बीच्या काढणीची, दुसऱ्या वेळी खरिपाची. हे रूपांतर प्रत्येक कागदापाशी करावं लागतं. मी त्यासाठी छोटी संगणक-प्रणाली लिहिली, आणि सह-मार्गदर्शक सरांनी छापील जंत्री घेऊन ती तपासली.

यापुढे खरा प्रश्न सुरू होतो. कागद पावसाबद्दल क्वचितच बोलतो, तो वसुलाबद्दल बोलतो. वसूल का कमी आला याची कारणं अनेक : पाऊस नाही, टोळ आले, फौजेचा तळ पडला आणि उभ्या पिकात घोडी सोडली, मामलेदाराने आधीच जास्त काढून घेतलं. आसमानी आणि सुलतानी हे दोन्ही एकाच अर्जात आढळतात. शिवाय सूट मागणाऱ्याला संकट मोठं करून सांगण्याचा मोह असतोच, आणि सूट देणाऱ्याचीही काही राजकीय गरज असते. आणखी एक गोष्ट : चांगल्या सालाचा कागद तयार होत नाही. पाऊस बरा झाला म्हणून कुणी अर्ज करत नाही. मग कागद नाही म्हणजे साल चांगलं, की कागद वाळवीने खाल्ला? अभियांत्रिकीत नोंद नसलेली जागा भरून काढायची तंत्रं आहेत. इथे ती वापरायला सरांनी साफ नकार दिला, आणि ते बरोबर होते. जिथे कागद नाही तिथे आम्ही जागा रिकामी ठेवली.

जिथे कागद होते तिथे पाच पायऱ्यांचा निर्देशांक केला, उणे दोन ते अधिक दोन. उणे दोन देण्यासाठी एक अर्ज पुरेसा नाही असा नियम ठरवला. धान्याची महागाई, चारा-पाण्याची टंचाई, माणसं गाव सोडून गेल्याची नोंद, तगाई, यांतल्या किमान दोन वेगळ्या खुणा हव्यात, आणि त्या एकमेकींची नक्कल नसाव्यात. मग तेच लिप्यंतर इतिहास विभागातल्या एका संशोधक मैत्रिणीने स्वतंत्रपणे वाचलं आणि स्वतंत्रपणे आकडे दिले. आमचे आकडे किती जुळतात ते कप्पा गुणांकाने मोजलं. जिथे जुळले नाहीत तिथे कागद पुन्हा मागवला. पुरालेखागारात शेजारी-शेजारी बसून एकाच शब्दावर वाद घालणं हा या साऱ्या कामातला मला सर्वांत प्रिय भाग. 'पायमाली', म्हणजे पीक तुडवलं जाणं, असा शब्द निघाला की साल पावसाच्या रकान्यातून उठून फौजेच्या रकान्यात जातं. एका शब्दावर एका वर्षाचा दुष्काळ ठरतो, म्हणून तो शब्द दोघींना पटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पडताळणी कशाशी करायची, हा समितीचा नेमका प्रश्न होता. पेशवाई १८१८ ला संपली, आणि पुण्याचा सलग पाऊस त्यानंतर मोजला जाऊ लागला. दोन्ही कुठे एकत्र येत नाहीत. आम्ही दोन बाजूंनी गेलो. एक, पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार. मॅलेट १७८६ पासून इथे इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, होता, आणि ती पत्रं सरदेसाई व जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली छापली गेली आहेत. दुसरी, झाडांची वर्तुळं. केरळातल्या सागाच्या वर्तुळांवरून पाचशेहून अधिक वर्षांच्या मोसमी पावसाचा अंदाज पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेला आहे. मात्र केरळचा साग आणि इंदापूरची ज्वारी यांचा पाऊस एक नव्हे. पुणे शहरात साधारण ७०० मिलिमीटर पडतो, पूर्वेला पर्जन्यछायेत तो ५०० च्या आसपास येतो, आणि मावळात कैक पटींनी जास्त. म्हणून सागाशी तुलना फक्त मोठ्या, देशभर पसरलेल्या दुष्काळांपुरती केली. एल निनोच्या सालांत तिन्ही पुरावे एका दिशेने गेले, तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा म्हटलं, "आता हा आकडा मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवेन."

शोधनिबंध छापून येणं सोपं गेलं नाही. जलविज्ञानाच्या नियतकालिकाला परिशिष्टातली लिप्यंतरं नको होती, इतिहासाच्या नियतकालिकाला कप्पा गुणांक नको होता. दोन्ही काढून टाकले तर उरतं ते निराधार मत. आम्ही काही काढलं नाही, जिथे दोन्ही घेतील असं ठिकाण शोधलं. वेळ गेला. तो जाऊ द्यावा असं माझं आजही ठाम मत आहे. तसंही २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी निबंध छापून येण्याची सक्ती काढली आहे, तेव्हा घाईने कुठेतरी पैसे भरून छापण्याचं काही कारण उरलेलं नाही.

खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळ १८०३ वर बोट ठेवलं. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला, मग मुलूख लुटला गेला, आणि पाठोपाठ दुष्काळ. "हा पाऊस की फौज?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कागद दोन्ही सांगतात. त्या सालाला उणे दोन दिले आहेत, पण शेजारी विश्वासार्हतेची सर्वांत खालची श्रेणी आहे, आणि वारंवारितेचा हिशेब ते साल धरून आणि ते वगळून असा दोन्ही प्रकारे केला आहे. त्यांनी ती दोन कोष्टकं मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. पुढचा प्रश्न इतिहासाच्या परीक्षकांचा, रिकाम्या वर्षांबद्दल होता. त्याचं उत्तर सरांनी मला पहिल्याच वर्षी शिकवून ठेवलं होतं.

प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला आहे. ज्या-ज्या कागदावरून आकडा काढला त्याचं लिप्यंतर, रुमालाच्या क्रमांकासह, परिशिष्टात आहे. एखाद्या सालाचा माझा आकडा पटत नसेल तर तो रुमाल मागवा, कागद वाचा आणि तुमचा आकडा मला कळवा. मी आणि ती संशोधक मैत्रीण, आम्ही दोघींनी आता भीमेच्या पलीकडचे परगणे घेतले आहेत. मोडी वाचणारं आणखी कुणी बरोबर आलं तर फार बरं होईल.