पस्तीस पुन्हा उघडली, आणि दोष माझाच निघाला

काल संध्याकाळी आमची पस्तीस, म्हणजे मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर, पहिल्या गिअरमध्ये पडली. खर्रर्र नाही, दांडीला हिसका नाही. खात्री पटेना म्हणून पाच वेळा काढून पुन्हा टाकला.

मागच्या वेळी क्लच बदलल्याचं लिहिताना मी बराच मिरवलो होतो. ११ इंची मेन (चाकांसाठी) आणि ९ इंची पीटीओ (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टसाठी), दोन्ही क्लचप्लेटी नव्या, पॅडलने ढकललं जाणारं रिलीज बेअरिंग नवं, फ्लायव्हील (इंजिनमागचं जड चाक) लेथवर साफ करून आणलेलं. ते सगळं खरं होतं. गिअर पडत नव्हता, एवढं मात्र लिहायचं टाळलं. पॅडल तळाला टेकवून दहा आकडे मोजले तरी पहिला टाकताना दाते कडाकडा वाजायचे. इंजिन बंद करून टाकला की लोण्यात सुरी.

सगळ्यांनी सांगितलं तेच आधी केलं: पॅडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लचला जोर लागण्याआधीची पॅडलची मोकळी चाल. कमी केला, वाढवला, परत मॅन्युअलप्रमाणे लावला. काडीचा फरक नाही. मग संशय क्लचच्या बोटांवर, म्हणजे प्लेट सोडवणाऱ्या लिव्हरवर. खालच्या झाकणातून टॉर्च मारून पाहिलं तर तिन्ही बोटं एका पातळीत. आमचे मिस्त्री म्हणाले, "प्लेट उलटी बसवलीस." या वाक्याने माझे दोन दिवस खाल्ले, कारण फोटोत ती सरळच दिसत होती.

शेवटी मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसऱ्याला पुढून-मागून पाचर मारली, पहिल्यात टाकून पॅडल दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. अधांतरी चाक हळूहळू फिरायला लागलं. पण त्या बाजूच्या ब्रेकला पाय नुसता टेकवला की गप्प, आणि इंजिनचा आवाज जरासुद्धा जड होत नव्हता. प्लेट चिकटली असती तर इंजिनने ओढ घेतली असती. म्हणजे क्लच सुटत होता, तरी गिअरबॉक्सच्या शाफ्टला कुणीतरी हलकंसं फिरवत होतं. प्लेट सोडली तर फ्लायव्हील आणि शाफ्ट एकमेकांना भेटतात ते एकाच ठिकाणी. फ्लायव्हीलच्या मध्यात बसून शाफ्टचं नाक धरणारं पायलट बेअरिंग!

ते मी बदललंच नव्हतं. बोटाने फिरवून पाहिलं, "चालतंय की" म्हणालो आणि ८० रुपये वाचवले.

मग ट्रॅक्टरची इंजिन आणि गिअरबॉक्स ही दोन धडं वेगळी करायला पुन्हा बॉनेट, वायरी, डिझेलचे पाइप, स्टिअरिंगचे दोन्ही बाजूंचे रॉड, पुढच्या अॅक्सलवर पाचरी, गिअरबॉक्सखाली जॅक. पहिल्यांदा उघडायला तीन रविवार गेले होते, या वेळी दीड दिवस. बेअरिंग जाम, आणि आतली कडा एका बाजूने चेपलेली. ती खूण पाहिल्यावर आठवलं. जोडताना शेवटची बोटभर फट मिटत नव्हती, आणि मी बोल्ट आवळून दोन्ही धडं ओढून घेतली होती. शाफ्टचं नाक तिरकं घुसलं ते तिथेच. ८० रुपयांपेक्षा हा आडदांडपणा महाग पडला.

बेअरिंग काढायला ग्रीस भरून रॉड ठोकायची युक्ती केली. ग्रीस गोळ्यांच्या मधून बाहेर येऊन तोंडावर उडालं. मग वर्तमानपत्र भिजवून त्याचे बोळे ठासले, वर बरोबर मापाचा रॉड आणि हातोडा. चौथ्या बोळ्याला बेअरिंग पाव इंच वर आलं. सातव्याला हातात! पुलर मागायला तालुक्याला जायचं वाचलं.

नवं आणतानाही एक गंमत. पहिल्या दुकानात डब्यावर ब्रँडचं नाव, आतल्या बेअरिंगवर काहीच कोरलेलं नाही. परत दिलं. माझं मत, १०३५ या भारतीय मॅसीचे बरेच भाग पस्तीसला बसतात म्हणून डोळे झाकून घेऊ नयेत. जुना भाग खिशात घालून जावं आणि काउंटरवरच कॅलिपर लावावा.

या वेळी प्लेटी मध्यावर आणायला सुताराकडून बाभळीचा दोन पायऱ्यांचा दांडा करून घेतला. शिवाय दोन लांब बोल्टची डोकी कापून गाइड म्हणून लावले. आबा पीटीओचा शाफ्ट हाताने फिरवत होते, मी ढकलत होतो. "थांब, बसलं बघ," ते म्हणाले, आणि फट आपोआप मिटली. बोल्टना जोर द्यावाच लागला नाही.

खरं तर आता रंगाकडे वळणार होतो. १९५६ सालच्या पहिल्या ब्रिटिश पस्तीससारखं राखाडी अंग आणि सोनेरी इंजिन करावं असा मोह आहे. आमची तीन सिलिंडरची पर्किन्सवाली आहे, तिला लाल-राखाडीच शोभतो, हे ठाऊक असूनही. पण लिहिता लिहिता वाटलं, रंगाआधी एक रात्र बेल हाउसिंगखाली (क्लचच्या आवरणाखाली) पुठ्ठा ठेवून बघू.

सकाळी पाहिलं. आवरणाच्या तळातल्या, कॉटर पिनच्या भोकाखाली रुपयाएवढा डाग. इंजिनचं ऑइल काळं आहे. हा डाग मधाच्या रंगाचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचा.

इनपुट शाफ्टचं सील कुणी अलीकडे बदललं असेल तर कोणत्या कंपनीचं घेतलं, तेवढं सांगा.