सुपर एटची रिळं: प्रोजेक्टर एकेक फ्रेमवर आणताना

सुपर एट म्हणजे घरगुती सिनेमाची जुनी ८ मिमी फिल्म. ती डिजिटल करण्यासाठी भिंतीवर सिनेमा पाडून समोर कॅमेरा लावायची पद्धत सोडली. प्रोजेक्टरचं तीन पात्यांचं शटर (उजेड अडवत फिरणारी चकती) सेकंदाला १६⅔ फ्रेमवर चाललं की ५० वेळा उजेड पडतो आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत लुकलुक उरत नाही, हे खरं. पण जुन्या प्रोजेक्टरचा वेग तापल्यावर सरकतो आणि लुकलुक परत हजर. त्यापेक्षा प्रत्येक फ्रेमचा वेगळा फोटो घेतलेला बरा.

मूळ मोटर, शटरची पाती आणि १०० वॉटचा हॅलोजन काढून टाकला. रेंगाळणारी फिल्म त्या दिव्यापुढे टिकत नाही. आता १२ व्होल्टची गियर मोटर पट्ट्याने शाफ्ट फिरवते. एक फेरा, एक फ्रेम. शाफ्टवर ३ मिमीचं निओडिमियम चुंबक, शेजारी ए३१४४ हॉल सेन्सर. चुंबक समोर आलं की तो पल्स, म्हणजे विजेचा इशारा देतो आणि कॅमेरा फोटो घेतो. हा सेन्सर चुंबकाची एकच बाजू ओळखतो, तेव्हा चिकटवण्याआधी दोन्ही बाजू दाखवून बघा. रीड स्विच (चुंबकाने जुळणाऱ्या पत्र्यांचा) स्वस्त, पण एका फेऱ्यात दोन पल्स देऊन फ्रेम डबल करतो.

चुंबक कुठे बसवायचं यावर सगळं अवलंबून. क्लॉ (कडेच्या भोकात अडकून फिल्म पुढे सरकवणारा दात) फिल्म ओढून भोकातून बाहेर आला की लगेच पल्स हवी. लवकर आली तर फ्रेम ताणलेली येते, कारण रोलिंग शटरचा सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि फिल्म अजून सरकत असते.

कॅमेरा रास्पबेरी पायचा एचक्यू (आयएमएक्स४७७), लेन्स एन्लार्जरची (नेगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राची) ५० मिमी, एफ ४ ते ५.६. मोठेपणा ०.८ ठेवला, म्हणजे सेन्सरवर चित्र मूळच्या ०.८ पट: लेन्सपासून सेन्सर साधारण ९० मिमी, फिल्म ११२ मिमी. चौकटीत ५.७९ मिमीच्या चित्राबरोबर भोकही बसतं आणि चित्राला रुंदीत सुमारे ३,००० पिक्सेल मिळतात. भोक हवंच, फ्रेमची थरथर नंतर त्याच्याच आधाराने काढायची. त्यासाठी गेटची (फिल्म जिथे उजेडासमोर थांबते त्या चौकटीची) खिडकी भोकाच्या बाजूने कानशीने वाढवली. फिल्मच्या कडा ज्या पट्ट्यांवर टेकतात त्यांना मात्र हात लावू नका, आणि कापलेली कड २००० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. नखाला लागेल एवढी धार राहिली तरी रीळभर उभी रेघ पडते.

उजेडाला ९५ पेक्षा जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) पांढरा एलईडी, पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक. ते फिल्मला चिकटून नको, त्यावरची धूळ फोकसमध्ये येते. पीडब्ल्यूएमने (एलईडी झपाट्याने चालू-बंद करून) उजेड कमी केला की आडवे पट्टे. स्थिर करंटचा ड्रायव्हरच लावा. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक.

५० फुटांच्या रिळात ३,६०० फ्रेम. सेकंदाला एक या वेगाने तास लागतो, आणि १२ बिट रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) सुमारे ६६ जीबी होतं. नेगेटिव्हसारखं जपायचं असेल तर घ्या, नाहीतर उत्तम दर्जाचं जेपेग पुरतं. फोटो जोडून व्हिडिओ करताना सेकंदाला १८ फ्रेम. २४ वर टाकलं की माणसं धावायला लागतात.

सफाईबद्दल एकच. मुंबई-कोकणातल्या दमट कपाटातल्या रिळांवर बुरशी हमखास असते. ती जिलेटिन खाते आणि तेवढा भाग पाण्यात विरघळतो, म्हणून ओलं फडकं अजिबात नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल, मऊ सुती कापड, हलका हात. चुंबकीय ध्वनिपट्टी असेल तर आधी शेपटाकडच्या तुकड्यावर करून बघा.

बाकी आहेत ती व्हिनेगरचा वास येणारी रिळं. ती आकसलेली असतात, क्लॉ भोकाच्या कडेवर बसतो आणि ती फाडतो. त्यांच्यासाठी क्लॉ काढून रबरी रोलरने फिल्म ओढायचा आणि भोक कॅमेऱ्यानेच ओळखायचा विचार आहे. तोवर ती बाकीच्या रिळांपासून लांब, वेगळ्या डब्यात.