वेड्या डॉक्टरांचा हिशेब

'ते जुने, रबरी राक्षसांचे सिनेमे तुम्ही हसायलाच बघता ना?' असं मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. हसू येतंच, नाही कशाला म्हणू? १९५३च्या 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये पृथ्वीवरची माणसं संपवायला आलेला परग्रहवासी म्हणजे गोरिलाचा वेष चढवून डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण घातलेला माणूस आहे. त्याच्या गुहेत बुडबुडे सोडणारं यंत्र आहे आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राचं नाव झळकतं. यावर ज्याला हसू येत नाही त्याने डॉक्टरला दाखवावं. वेड्या नव्हे, साध्या.

पण हसून झाल्यावरही मी बघत राहते, कारण या सिनेमांत पैशाचा हिशेब फार उघडपणे मांडलेला असतो. भुतं, मोठे राक्षस सगळीकडे भेटतात. पगारावरून खून करणारा शास्त्रज्ञ इथेच भेटतो.

१९४०चा 'द डेव्हिल बॅट' घ्या. पीआरसी नावाच्या कफल्लक कंपनीचा सिनेमा, लांबी सव्वा तासाहूनही कमी. 'ड्रॅक्युला'मुळे गाजलेला हंगेरियन नट बेला लुगोसी यात डॉ. कॅरुथर्स आहे. गावातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला त्याने क्रीमचं सूत्र शोधून दिलेलं. तेव्हा हिस्सा नको, रोख द्या म्हणून दहा हजार डॉलर घेऊन हा मोकळा झाला आणि त्या सूत्रावर मालक गब्बर झाले. आता त्यांना उपकार आठवतात. मालकाचा मुलगा पाच हजारांचा बोनसचा चेक घेऊन डॉक्टरच्या घरी येतो. चेक हातात घेताना लुगोसीचा चेहरा बघा. अपमान नेमका कितीचा झालाय हे त्याला आकड्यात ठाऊक आहे. त्याच मुलाला तो दाढीनंतर लावायचं नवं लोशन देतो, मानेवर कोवळ्या जागी चोळायला सांगतो. मुलगा निघताना 'गुड नाइट' म्हणतो, हा 'गुडबाय' म्हणतो. माळ्यावर विजेचे झटके देऊन फुगवलेलं वटवाघूळ टांगलेलं आहे आणि त्या लोशनच्या वासावर झडप घालायला ते शिकलेलं आहे. (एवढं करू शकणाऱ्या माणसाने स्वतःची कंपनी का काढली नाही, हे विचारायचं नाही.)

आता गंमत अशी की हा सिनेमासुद्धा उक्त्या रकमेवरच चालायचा. त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. वरच्या मोठ्या सिनेमाला गल्ल्यातून टक्का, खालच्याला ठरलेलं भाडं. गर्दी लोटली तरी भाडं तेवढंच, मग नफा काढायचा तो खर्च छाटूनच. म्हणून ते वटवाघूळ तारेवरून ताठच्या ताठ घसरत येतं. म्हणून गावभरची घबराट वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर उरकते. आणि म्हणूनच प्रयोगशाळा, कारण एक खोली, चार चंबू, थोड्या ठिणग्या आणि गुप्त दार एवढ्यात सिनेमाचा मोठा भाग निघतो.

लुगोसीचं तेच. १९३१च्या 'ड्रॅक्युला'ने युनिव्हर्सल स्टुडिओला हात दिला, लुगोसीला मिळाले आठवड्याला पाचशे, सात आठवड्यांचे मिळून साडेतीन हजार डॉलर. पुढची अनेक वर्षं तो मोनोग्राम, पीआरसी असल्या कंपन्यांच्या दारात उभा होता. कॅरुथर्सला कमी पैशात गुंडाळलेला माणूस म्हणून तो उभा करतो तेव्हा मला अभिनय किती आणि अनुभव किती हे वेगळं काढता येत नाही.

१९४२च्या 'द मॅड मॉन्स्टर'मध्ये जॉर्ज झुकोचा डॉक्टर रिकाम्या खुर्च्यांशी भांडतो. त्या खुर्च्यांत त्याला आपली टिंगल करणारे जुने सहकारी बसलेले दिसतात. साध्याभोळ्या माळ्याला लांडग्याचं रक्त टोचून त्याचा राक्षस करतानाही डॉक्टरला हा वाद जिंकायचा असतो. सगळेच असे नसतात म्हणा. त्याच वर्षीच्या 'द कॉर्प्स व्हॅनिशेस'मधला लुगोसी नवऱ्या मुली पळवून त्यांच्या ग्रंथींतला रस बायकोला टोचतो, तिचं तारुण्य टिकावं म्हणून, आणि दोघं शवपेट्यांत झोपतात. तिथे तक्रार कुणाविरुद्ध आहे हे मला आजवर उमगलेलं नाही.

दिग्दर्शक एड वुडच्या 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'ला (१९५५) मात्र मी हसत नाही. त्यातला रबरी ऑक्टोपस स्वतः हलत नाही, सापडलेल्या माणसालाच त्याचे हात अंगाभोवती ओढून घ्यावे लागतात. ते दिसतं, ठीक आहे. पण त्याआधी मायदेशाचा माणूस यातल्या डॉक्टरला, म्हणजे लुगोसीलाच, परत न्यायला येतो आणि ज्यांनी हाकललं त्यांच्याकडे आता कशाला जाऊ, मला घरच नाही, असं सत्तरी ओलांडलेला लुगोसी सांगतो. १९१९मध्ये हंगेरीतली क्रांती कोसळल्यावर नटांच्या संघटनेत पुढे असलेल्या या माणसाला खरोखरच देश सोडावा लागला होता. ते वाक्य त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सिनेमा आला त्याच वर्षी तो मॉर्फिनच्या व्यसनासाठी आपणहून सरकारी रुग्णालयात दाखल झाला आणि १९५६मध्ये गेला.

बघायचं असेल तर 'डेव्हिल बॅट'पासूनच सुरुवात करा. कॉपीराइटचं नूतनीकरण कुणी केलं नाही, म्हणून तो फुकट मिळतो. १९४६मध्ये पीआरसीनेच त्याचा पुढचा भाग काढला, डॉक्टरच्या मुलीचा. त्यात लुगोसी नाही आणि शेवटी डॉ. कॅरुथर्स बिचारे निर्दोष होते असं जाहीर होतं. मला हा निकाल मान्य नाही. लोशन देताना मी त्याला पाहिलंय.