मिहीर कोणता, ते आधी सांगा

29 जुलै 2025 ला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' परत सुरू झाली, वेळसुद्धा तीच जुनी, रात्री साडेदहा, स्टार प्लस. आमच्या फॅमिली ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगचे गुलाब आणि कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्सरे यापलीकडे काही नसतं, तिथे त्या रात्री जे काही सुरू झालं ते बघून मी फोन म्यूट केला. मला वाटलं होतं वाद होईल तो 'असलं रडगाणं परत कशाला' यावर. तोही झाला थोडा, पण खरी जुंपली ती मिहीरवरून, म्हणजे नायिका तुळशीच्या नवऱ्यावरून.

नव्या मालिकेत मिहीर म्हणून अमर उपाध्याय परत आलाय. धाकट्या मावशीचं म्हणणं, चला, खरा मिहीर आला. लगेच मोठ्या मावशीचा व्हॉइस मेसेज, खरा म्हणजे काय गं, खरा तर रोनित रॉय. आता या दोघी सख्ख्या बहिणी, पण मालिका एकच बघितली असं काही म्हणता येत नाही. धाकटी पहिल्या दिवसापासूनची प्रेक्षक, म्हणजे 3 जुलै 2000, त्याच रात्री केबीसी पण सुरू झालं होतं, आधी अमिताभ आणि मग तुळशी. अमरचा मिहीर मेला तेव्हा ती जेवली नव्हती असं आजी सांगायची. ती एकटीच नाही म्हणा, लोकांनी मालिका बनवणाऱ्या बालाजी कंपनीच्या ऑफिसात फोन करकरून एवढा धिंगाणा घातला की मेलेला माणूस परत आणावा लागला. मोठी मात्र तेव्हा अल्फा मराठीवर आभाळमाया बघणारी, तिच्यातल्या सुधा जोशीच्या बाजूची, क्योंकि म्हणजे तिच्या मते नुसत्या साड्या आणि दागिने. 2003 ला आभाळमाया संपली आणि मग रात्रीचं काय करायचं म्हणून ती इकडे आली, तोवर मिहीर रोनित झाला होता. त्यामुळे तिच्यासाठी अमर म्हणजे कुणीतरी नवीनच आणलेला माणूस! मधल्या इंदर कुमारची आठवण दोघींनाही नाही, बिचारा 2017 ला गेला पण.

मला यातलं गंमतशीर वाटतं ते असं की चेहरे तेच हवेत हा हट्ट सगळ्यांचा आहे. अमेरिकेत 2012 ला डॅलस ही जुनी मालिका परत आणली तेव्हा तिच्यातला जे. आर. म्हणून पहिलाच नट, लॅरी हॅगमन होता, पण 2017 ला डायनॅस्टी ही तशीच जुनी मालिका परत केली त्यात जुन्या पात्रांना सरळ नवे चेहरे दिले. आपल्याकडे तसं केलं असतं तर आमच्या ग्रुपने पहिल्या ब्रेकलाच रिमोट उचलला असता. आणि हीच माणसं तेव्हा तीन-तीन मिहीर मुकाट्याने गिळत होती. 2007 मध्ये तर तुळशीच बदलली होती, गौतमी कपूर आली होती, आपली गाडगीळांची मुलगी, पण मराठी आहे म्हणून काही सूट मिळाली नाही तिला, स्मृती इराणी परत येईपर्यंत दोन्ही मावश्या धुसफुसत होत्या.

बाकी तक्रारी ठरलेल्या. काकाला स्मृती इराणी दिसल्या की अमेठीच आठवते, 2019 ला जिंकली, 2024 ला गेली, त्यामुळे तो मालिका बघत नाही, निकाल बघतो. मामी वयाचा हिशोब करत बसते, जुन्या मालिकेत उड्या मारून मारून तुळशीचे केस पांढरे केले होते, पणतवंडांपर्यंत गाडी गेली होती, मग ही आता तरुण कशी झाली आणि अर्धं खानदान गेलं कुठे? प्रश्न रास्त आहे. बा, म्हणजे मिहीरची आजी, नाही हे मात्र सगळ्यांना टोचलं, सुधा शिवपुरी 2015 लाच गेल्या, पण मूळ मालिकेत बा इतकी वर्षं जगली होती की ती नसणं लॉजिकमध्ये बसतच नाही. ऑक्टोबरमध्ये बिल गेट्स व्हिडिओ कॉलवर येऊन तुळशीशी आई-बाळाच्या आरोग्याबद्दल बोलून गेला, त्यावर ग्रुपवर फक्त एक प्रश्न आला, हा कोणाकडचा पाहुणा.

मग मिहीरच्या आयुष्यात नॉयना आली. मिहीर परत घसरला. इथे मला वाटलं आता तरी एकमत होईल, कारण जुन्या मालिकेतलं त्याचं मंदिरा नावाच्या बाईबरोबरचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, आणि झालंही, ग्रुपवर मिहीरला ज्या शिव्या पडल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. याला एकदा होऊनही अक्कल आली नाही, असं धाकट्या मावशीने स्वतः लिहिलं, म्हणजे बघा, आणि तुळशीने आता घर सोडावं की त्यालाच बाहेर काढावं यावर दोन दिवस चर्चा चालली, मामीचं मत पडलं की शांतिनिकेतन, म्हणजे त्यांचा बंगला, आधी नावावर करून घ्यावं आणि मग काय ते करावं. मोठी मावशी एवढा वेळ गप्प होती. शेवटी तिचा मेसेज आला की मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, मंदिराचं सुरू झालं तेव्हाही हाच होता ना, रोनित असता तर निस्तरलं असतं त्याने.