खुर्च्या मांडता मांडता

परदेशातल्या मराठी मंडळांबद्दल दोन समज पक्के आहेत. एक, तिथे भांडणं होतात. दुसरा, मंडळात रमणारी माणसं नव्या देशात कधी मिसळतच नाहीत. तीच ती साबुदाण्याची खिचडी, तीच ती नाट्यगीतं, आणि खिडकीबाहेर कुठला देश आहे याचा पत्ता नाही. पहिल्या समजाबद्दल मी काही बोलणार नाही, कारण पुढच्याही कार्यकारिणीत मला राहायचंय. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. आमच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. फ्रँकफर्ट आम्हाला दाखवलं ते मंडळाने.

म्हणजे बघण्यासारखं होतं ते बघून झालंच होतं. रोमरचा चौक, माइन नदीवरचा लोखंडी पूल, बँकांचे मनोरे. फोटो साताऱ्याला गेले होते, 'छान आहे हो' अशी उत्तरंही आली होती. नवऱ्याचं ऑफिस एशबॉर्नमध्ये, तिथे सगळा कारभार इंग्रजीत. दुकानात तर बोलायची वेळच येत नाही. वस्तू उचलायची, पट्ट्यावर ठेवायची, कार्ड टेकवायचं, की झालं. अशा बेताने माणूस इथे वर्षानुवर्षं राहू शकतो. तशी राहणारी मंडळी माझ्या ओळखीत आहेत आणि ती मंडळात येत नाहीत, हे आपलं सहज सांगितलं.

मग ग्रुपवर निरोप आला: 'गणपतीसाठी स्वयंसेवक हवेत. गाडी असल्यास उत्तम, नसल्यास नुसते हात चालतील.' आमच्याकडे हात होते.

फ्रँकफर्टमध्ये वस्तीवस्तीत नगरपालिकेच्या मालकीचे हॉल आहेत. झालबाऊ नावाची शहराचीच कंपनी ते भाड्याने देते. बोर्नहाइम, गालुस, ग्रीसहाइम, नॉर्डवेस्टसेंटर, जिथली तारीख मिळेल तिथे आपला गणपती. तारीख मिळेल तिथे म्हणजे तिथीचं काय, असा प्रश्न पहिल्या वर्षी पडतो, दुसऱ्या वर्षी पडत नाही. गणपती शनिवारी बसतो. घरचा चतुर्थीला बसवा, मंडळाचा शनिवारी, आणि त्यातही त्या शनिवारी हॉल कुठल्या तरी कबुतरप्रेमी संघटनेने आधीच धरून ठेवला नसेल तर. एरवी आम्ही ग्रीसहाइमला कशाला गेलो असतो? पर्यटकाने ग्रीसहाइमला जावं असं तिथे काही नाही. पण त्या हॉलच्या मागच्या दाराशी टेम्पो कुठे लावायचा, जवळची बेकरी किती वाजता उघडते, तिथली बाई सकाळी सकाळी चिडकी असते पण दहानंतर गप्पा मारते, हे आता मला ठाऊक आहे. शहर ओळखीचं व्हायला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

हॉलमध्ये खरी गाठ पडते ती हाउसमाइस्टरशी. तो वास्तूचा राखणदार, चावी त्याच्याकडे, वीज-पाण्याची कळ त्याच्याकडे. आमचा हाउसमाइस्टर साठीकडे झुकलेला, खिशात कायम टॉर्च. चावी देण्याआधी तो तुम्हाला भिंतीवरच्या एका तक्त्यासमोर उभं करतो. त्या तक्त्यावर खुर्च्यांचा नकाशा असतो: एका रांगेत किती, मधली वाट किती रुंद, कुठल्या दारापुढे काय ठेवायचं नाही. रांगा लावल्या तर माणसं इतकी, टेबलं मांडली तर तितकी. हा अधिकृत, मंजूर झालेला नकाशा असतो आणि आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील याचा त्यात विचार केलेला असतो.

आता आपल्याकडे खुर्ची ही माणसाच्या मागे मागे चालणारी वस्तू आहे. आरतीची वेळ होईपर्यंत रांगांचे गोल झाले होते. प्रत्येक गोलात एक गाव बसलं होतं, इथे कोल्हापूर, तिथे डोंबिवली. आणि मागच्या दारापुढे एक बाबागाडी, चार-पाच पर्सा आणि वरणाचं मोठं पातेलं. हाउसमाइस्टर आला. ओरडला वगैरे नाही. तक्त्यापाशी गेला, त्यावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि स्वतःच पातेल्याचा एक कान धरला. दुसरा मी धरला. पातेलं हलवता हलवता त्याने विचारलं, यात काय आहे. डाळ, म्हटलं. मसूर का? नाही, तूर. तूर म्हणजे काय हे सांगण्याइतकं जर्मन मला येत नव्हतं, म्हणून वाटीभर दिलं. ते उभ्या उभ्या पिऊन तो म्हणाला, मीठ कमी आहे. खरंच कमी होतं.

पण मोठा पेच निरांजनाचा. हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही. छताला धुराचे सेन्सर, ते वाजले की अग्निशमन दल दारात हजर, आणि विनाकारण आलं म्हणून बिल भाडेकरूच्या नावावर. यावर कार्यकारिणीत जी चर्चा झाली तिचं इतिवृत्त मी लिहिलंय, ते पानं भरून आहे. बॅटरीच्या पणत्या घ्याव्यात असं तरुणांचं म्हणणं. 'मग मोदकही प्लॅस्टिकचे करा,' असं एका काकांचं. शेवटी सोडवलं ते काकूंनी. या काकू जन्माने जर्मन, लग्नाने आपल्या, आणि मंडळाचा पत्रव्यवहार त्यांच्याकडे असतो. त्यांनी रीतसर पत्र लिहिलं: ज्योत एकच, धातूच्या ताटात, खाली वाळूचा थर, शेजारी पाण्याची बादली आणि आग विझवायचं ब्लँकेट, व ज्योतीसाठी जबाबदार व्यक्ती अमुक. अमुकच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव. लग्नात अग्नीच्या साक्षीने घेतलेल्या जबाबदाऱ्यांपेक्षा ही त्याने जास्त मनावर घेतली. पूर्ण आरतीभर बादलीचा कान सोडला नाही. निरांजनाला परवानगी मिळाली, कापराला नाही. म्हणून आमची कर्पूरआरती मागच्या पायऱ्यांवर, उघड्यावर होते. वारा असला की दहा जण ताटाभोवती कडं करून उभे राहतात, आणि सायकलवरून जाणारे लोक एक पाय टेकवून बघतात.

पुढे शहराच्या बहुसांस्कृतिक विभागाने संस्थांसाठी ठेवलेल्या एका कार्यशाळेला मंडळाने मला पाठवलं. हा विभाग १९८९ साली सुरू झाला. जर्मनीत या प्रकारचा तो पहिलाच, आणि फ्रँकफर्टला त्याची गरजही आहे. इथल्या निम्म्याहून अधिक लोकांचं मूळ कुठे ना कुठे देशाबाहेर आहे. माझ्या एका बाजूला इरिट्रियाच्या एक बाई, दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचे आजोबा. विषय होता 'अनुदानाचा अर्ज', पण मधल्या सुट्टीत निघाला तो धुराच्या सेन्सरचा. इरिट्रियात कॉफी करताना ऊद जाळतात, त्यावाचून कॉफीचा सोहळा पुरा होत नाही. बाईंचीही कॉफी आता मागच्या पायऱ्यांवर होते. क्रोएशियाचे आजोबा म्हणाले, धुराचं सोडा, जेवायच्या वेळी येणारे आणि खुर्च्या न उचलता जाणारे, त्यांचं तुम्ही काय करता? आम्ही तिघं एकदम हसलो. त्यावर कुठल्याच देशाने अजून तोड काढलेली नाही.

कागदपत्रांचा या देशाला सोस आहे हे ऐकून होते, पण मंडळाच्या कामाने त्याची गोडी लागली, हे कबूल करायला जरा लाज वाटते. नोंदणीकृत संस्था काढायला किमान सात सभासद हवेत, घटना हवी, कोर्टात नोंद हवी. हा कायदा १९०० सालापासून लागू आहे, आणि आज देशात अशा नोंदलेल्या संस्था सहा लाखांहून जास्त आहेत. गायकवृंद, नेमबाज, मासे पकडणारे, कबुतरवाले. साताऱ्यात आमच्या पेठेतली पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहायची आणि आकडा तीच सांगायची. इथे वर्गणी बँकेतून आपोआप वळती होते आणि वर्षाअखेरीला हिशेब तपासायला दोन सभासद निवडून दिले जातात.

गाण्यांचं प्रकरण वेगळंच. सार्वजनिक कार्यक्रमात संगीत वाजलं की गेमा या संस्थेकडे कळवायचं, तिच्यामार्फत संगीतकारांना मानधन जातं. एखाद्या गाण्याचे हक्क तिच्याकडे नाहीत असं असेल तर ते आपणच दाखवून द्यायचं. निर्मात्याच्या मृत्यूला सत्तर वर्षं झाली की रचना मोकळी होते. म्हणून दरवर्षी मी यादी करायला बसते: गाण्याचं नाव, कवी, संगीतकार. 'सुखकर्ता दुखहर्ता', कवी समर्थ रामदास, सतरावं शतक. संगीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक'. मुलांच्या नाचांच्या गाण्यांना मात्र पैसे पडतात. एकूण भक्ती स्वस्त, सिनेमा महाग.

या सगळ्याचा अनपेक्षित फायदा शेजारात झाला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात नमस्कार करायच्या आणि तेवढ्यावरच थांबायच्या. एकदा माझ्या हातात मंडळाची फाइल बघून त्यांनी विचारलं. मी एका संस्थेची चिटणीस आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्या स्वतः एका बागसंस्थेच्या खजिनदार निघाल्या. शहराच्या कडेला छोटे छोटे वाफे भाड्याने घेऊन लोक बागा करतात, त्यांची संस्था. 'तुमचे हिशेब कोण तपासतं?' हा त्यांचा पहिला प्रश्न. मी कुठून आले, किती वर्षं राहणार, यातलं काही नाही. त्या वसंतात त्यांनी इथल्या प्रसिद्ध हिरव्या सॉससाठी सात प्रकारच्या पाल्यांची जुडी आणून दिली. चव विचाराल तर कोथिंबीर नसलेल्या चटणीने दह्याशी संसार थाटावा तशी, वर उकडलेली अंडी आणि बटाटे. आता मंडळाला घडीची टेबलं कमी पडली की त्यांच्या संस्थेची येतात. आणि शाडूची मूर्ती माइनमध्ये सोडता येत नसल्याने आम्ही ती टबात विसर्जित करतो, ती माती त्यांच्या वाफ्यात जाते. गेल्या खेपेला तिथे भोपळा चांगला आला होता.

रविवारी इथे दुकानं बंद असतात, ही गोष्ट स्वयंसेवकाच्या हाडात जाऊन बसते. कार्यक्रम दोन दिवसांचा असेल तर रविवारची कोथिंबीर शनिवारीच हवी. ती गालुसमधल्या तुर्की दुकानदाराकडून येते. आमची पिशव्यांची वरात बघून तो हल्ली जुड्या विचारत नाही, किती माणसं आहेत ते विचारतो आणि हिशेब स्वतः करतो. श्रीखंडासाठी चक्का बांधायचा व्याप नाही, क्वार्क मिळतो. वीस टक्के स्निग्धांशाचा घ्यावा की चाळीसचा, यावर मंडळात दोन तट आहेत. मी चाळीसची.

नवीन आलेली जोडपी हल्ली मला विचारतात, इथल्या लोकांशी ओळखी कशा होतात, एखादा चांगला भाषावर्ग सुचवाल का, ताई? भाषावर्ग सुचवते. मग शनिवारी ग्रीसहाइमला बोलावते. जेवण साडेबाराला असतं, पण तुम्ही आठला या. चपला नकोत, बूट घाला. आणि टेबल घडी करताना आधी आतली खिट्टी दाबायची, नाहीतर बोट सापडतं. बाकीचं हाउसमाइस्टर सांगेल.