शनिवारची शाळा आणि बीजेची सुकती

आमची शाळा रत्नागिरीजवळ, अगदी समुद्राला लागून. तरी मुलांना खडपावर (ओहोटीला उघडे पडणारे किनाऱ्यावरचे खडक) न्यायचं म्हटलं की टाइमटेबल आडवं येतं. शाळा साडेदहा ते पाच आणि समुद्र चालतो तिथीवर. इथल्या मच्छीमारांचा हिशोब एकदम सोपाय, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ (ढोबळमानाने हां), त्यात सहा तास मिळवा की सुकती, म्हणजे ओहोटी. आता गंमत बघा, पुनवेला-अवसेला पाणी मस्त लांब जातं पण पहाटे नाहीतर संध्याकाळी पाच-साडेपाचला, आणि भर दुपारी शाळेच्या वेळात सुकती येते ती अष्टमीच्या आसपास, तेव्हा असतो भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरकच कमी, पाणी खडपावरून धड उतरतच नाही. मग उरतं काय? शनिवारची सकाळची शाळा आणि त्याच दिवशी बीज किंवा तीज. दीड-सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी साडेसात ते सव्वाआठ सुकती. हे कॅलेंडर घेऊन मुलांनीच शोधून काढलं. भूगोलातलं सूर्य-चंद्र-पृथ्वीचं चित्र पाठ होतं सगळ्यांना, पण त्याचा असा उपयोग कोणी केला नव्हता.

सामान फार काही लागत नाही. पीव्हीसी पाइपची ५० सेंटीमीटरची चौकट, आत दोरा ताणून २५ घरं. ती आधी वरच्या खडकावर ठेवायची, मग मधे, मग पाण्यालगत, आणि दरवेळी आत काय काय दिसतं ते मोजायचं. वर बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले बारके कवचवाले जीव) आणि बारक्या गोगलगायी, मधे कालवं (खडकाला चिकटणारे खायचे शिंपले), खाली शेवाळ आणि समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणीच). कालवं काढायला आयांबरोबर जाणाऱ्या मुली इथे फॉर्मात असतात, रिकामं कुठलं आणि जिवंत कुठलं हे लांबूनच सांगतात, आपण नुसतं लिहून घ्यायचं.

पण खरी मजा बार्नेकलची. सगळ्यांना वाटतं शिंपल्याचाच प्रकार. तर बार्नेकल चिकटलेला छोटा दगड समुद्राच्या पाण्याच्या ग्लासात ठेवला आणि गप्प बसायला सांगितलं (हेच सगळ्यात अवघड), थोड्या वेळाने झाकण उघडलं आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन सपासप पाणी ओढायला लागले. "ओ बाई, ह्याला पाय हायत!" आहेतच, कारण तो खेकडा-कोळंबीच्या खानदानातला. डोकं खडकाला कायमचं चिकटवून उलटा राहतो आणि पायांनी अन्न ओढून घेतो. हे फळ्यावर सांगून कोणी ऐकलं नसतं.

नियम दोनच. उलटा केलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, खालची बाजू उन्हात राहिली तर तिथले जीव मरतात. आणि घरी काही न्यायचं नाही. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला तर वन्यजीव कायद्याचं संरक्षणच आहे. यावर दरवेळी वाद होतो कारण कालवं मात्र संध्याकाळी त्यांच्याच घरी शिजणार असतात, आणि मुलं हे बरोबर पकडतात. मग खायला काढणं आणि शोकेसमधे ठेवायला उचलणं यावर जी भांडणं होतात ती मी थांबवत नाही.