संघटनेत येऊन मिळतं काय?

नुकताच पेन्शनवर आलेला जवान भेटला, की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हमखास विचारतो, "मेजर, पेन्शन खात्यावर येते, कँटीनचं कार्ड आहे, दवाखान्याला माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे. मग माजी सैनिक संघटनेत येऊन मिळतं काय?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आपला सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंग्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा जिल्ह्यात सैनिकाला मान कमी पडत नाही. झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळतेच, त्यासाठी संघटना नको. आमचं काम कागदांचं आहे, आणि तेही बहुतेक वेळा सैनिकाच्या मागे राहिलेल्या बाईच्या कागदांचं.

एक काकू आल्या होत्या. यजमान जाऊन काही महिने झालेले. पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. तरी फॅमिली पेन्शन अडली होती. डिस्चार्ज बुकात त्यांचं माहेरचं नाव आणि आधार कार्डावर सासरचं. लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे लागलं. पलटणीत लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या रेकॉर्डमधली नोंद, निघाली ती मात्र जुन्या नावाने. बँकेत "नाव जुळत नाही" एवढं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. काकूंची समजूत झाली, की आपल्याला पेन्शन बसतच नाही. फॅमिली पेन्शनचा साधा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. तेवढ्यावर त्यांचं घर चालणार होतं.

आमच्यात एक सुभेदारसाहेब आहेत, नोकरीभर क्लार्क. त्यांनी बसून दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळणी करवली आणि सर्व्हिस नंबरासकट अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला धाडला. वेळ लागला, पण पेन्शन थकबाकीसह जमा झाली.

पलटणीत रजेचा पास असो की राशन, आपलं कुणीतरी बघत होतं. गावी आल्यावर खिडकीपुढे माणूस एकटा उभा असतो, आणि तो गेल्यावर त्याची बायको त्याहून एकटी. तिच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत कुणीतरी गेलं पाहिजे, म्हणून मी संघटनेत आहे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गडबड असते. शेतात राबलेल्या म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, मग घरी जाऊन मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढावा लागतो. दाखला राहिला तर पेन्शन थांबते. संरक्षण खात्याची 'स्पर्श' ही पेन्शनची प्रणाली आल्यापासून सगळं ऑनलाइन झालंय, आणि सत्तरी ओलांडलेल्या हवालदाराला त्याचा पासवर्ड कोण सांभाळून देणार? तुम्ही चाळिशीच्या आत सुटून आलात, हे तुम्हाला सहज जमतं. आम्हाला रेकॉर्डची भाषा कळते. म्हणून तुमची गरज आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

योजनाही आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन साजरा होतो, त्याचा निधी सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतो. मुलांची शिष्यवृत्ती, विधवांना मदत, सगळ्याचे अर्ज कल्याण कार्यालयात मिळतात. पण मुदत संपायच्या आत ते वाडीवस्तीपर्यंत कळलं तर उपयोग. निरोप पोचवणं हेही आमचंच काम.

तेव्हा संघटनेत याल तेव्हा या, पण आज घरी गेल्यावर पीपीओ काढा. वहिनींचं नाव, जन्मतारीख, मुलांच्या जन्मतारखा आधारशी ताडून बघा. एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच अर्ज करा. तुमच्या सहीने हे काम लवकर होतं. आणि बैठकीला वहिनींनाही घेऊन या. कुठला कागद कुठे ठेवलाय, हे त्यांना माहीत असायला हवं.